चार जठरांचा ड्रॅगन

माझ्या ड्रॅगनला चार जठरं आहेत.
संपादकबाई फोनवर हसल्या,
म्हणाल्या, आर्डिथ, हे कुठून काढलंस?
कुठून काढणार.
गोठ्यातून.
एकोणचाळीस होल्स्टीन आणि एक जर्सी,
ती आईच्या हट्टापायी, सायीसाठी.
पहाटे साडेचारला जिनं
दुसरं कुठलं मोठं जनावर पाहिलंच नाही
तिचा ड्रॅगन आगसुद्धा आधी गिळतो,
मग सावकाश, डोळे अर्धे मिटून,
रवंथ करतो.

नॉर्थ डकोटात आडोसा नाही.
वारा कॅनडातून निघतो
तो आमच्या दाराला धडकेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही.
डोंगर मला कागदावर करावे लागले,
दुधाच्या नोंदवहीतल्या पाठकोऱ्या पानांवर.
पुढून बाबांचं अक्षर:
‘अकरा नंबर. सड सुजलाय. दूध वेगळं काढणे.’
मागून माझं पहिलं राज्य.
त्यातल्या नदीला मी अकरा नंबरचंच नाव दिलं,
गुड्रून.
दोघीही वसंतात काठ सोडायच्या.

रविवारी पांढरं लाकडी चर्च,
तळघरात पातळ कॉफी, ओल्या लोकरीचा वास.
पास्टर हाउगेननी वही पाहिली होती.
रागानं नव्हे, पण विचारलं,
मुली, देवाच्या घरात ह्या जनावराचं काय काम?
मी बारा वर्षांची.
म्हटलं, मग समुद्रातली ती अजस्र जनावरं
पाचव्या दिवशी कुणी केली?
ते बराच वेळ गप्प होते.
मग बशीतलं शेवटचं बिस्किट
माझ्याकडे सरकवलं.

हाल्वर सतरा वर्षांचा होता.
ऑक्टोबर. पत्र्याच्या उंच कोठीत
मक्यावर धरलेली साय फोडायला उतरला.
दाणे पायाखालून सुटले की
पाण्यासारखे वागतात, फक्त
पाण्यात हात हलवता येतात.
शेजाऱ्यांनी करवतीनं पत्रा कापला.
मका अंगणभर सांडत राहिला, पिवळाजर्द,
इतका सुंदर की मला त्याचा राग आला.
संध्याकाळी आम्ही धारा काढल्या.
कासेला दुखवटा कळत नाही.

तिसऱ्या खंडात
धान्यात बुडणारं एक शहर आहे.
त्यात एक मुलगा.
तो अध्याय मी सात वेळा लिहिला.
वाचव की त्याला, बहीण म्हणाली,
जग तुझंच आहे, ड्रॅगन तुझा,
चार जठरं आहेत त्याला, खाऊ दे सगळं धान्य.
खरं आहे.
पण ज्याच्यापुढे मी गुडघे टेकते
त्यानंही आपल्या मुलाला
तीन दिवस खाली राहू दिलं होतं.
त्याच्याहून घाई मी कशी करू?
आणि कधीकधी, धार काढता काढता,
त्याला हेही विचारते:
तीनच दिवस होते रे तुझे.
इथं एकतीस वर्षं झाली.

म्हणून अध्याय तिथंच थांबवला.
पुढचं पान कोरं ठेवलं.
छापखान्यानं चूक समजून काढून टाकलं.
मी भांडून परत घालायला लावलं.
वाचक पत्रं लिहितात, बाई,
माझ्या प्रतीत एक पान छापायचं राहिलंय.
मी उत्तर देते,
हो, राहिलंय.

आता जमीन भाड्यानं दिली आहे.
एकच गाय उरलीय, जर्सी, सायीसाठी.
काल मध्यरात्री व्याली.
वासरू निपचित.
हाल्वरनं शिकवलं होतं तसं
त्याच्या नाकपुडीत गवताची काडी घातली
आणि मोजत बसले. आकडे म्हणजे
माझी त्या वेळची सगळी प्रार्थना.
सहा. सात. नऊ म्हणायचं विसरले.
ते शिंकलं,
माझ्या तोंडावर, भरपूर.

घरात येऊन हात न धुताच टेबलाशी बसले.
कोऱ्या पानावर अंगठ्याचा डाग उमटला,
बाकी काही नाही.
खिडकीतून ऐकू येतंय,
तिचा जबडा चालू आहे.
चीक काढायचाय.
संपादकबाईंना नंतर फोन करीन.