बारा नंबर

आमच्याकडे वादळांना नावं नसतात, नंबर असतात.
वर्षातलं पहिलं ते एक नंबर.
हे बारावं.

पहाटे पाचला क्वांग न्गाईहून कागद येतो.
गावसमितीच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली मी तो वाचते
आणि एकोणीस खांबांवरचे कर्णे
माझा घसा उसना घेतात.
मुसळधार ते अतिमुसळधार पाऊस. मेघगर्जना.
सोसाट्याचा वारा.
वावटळ, वीज आणि गारांची शक्यता.
तेवीस वर्षं मी शक्यता वाचते आहे.
लुयेनच्या मासळी कापायच्या सुरीसारखी झिजली आहे ती:
पातं कमी, मूठ जास्त.

गेल्या साली अकरा नंबरला
माझ्या आवाजावर विसंबून चव्वेचाळीस होड्या
चार दिवस धक्क्याला बांधून होत्या.
वादळ उत्तरेला वळलं.
आमच्या बेटावर असं लख्ख ऊन पडलं
की माकुलं एका दिवसात वाळली असती.
पण माकुलं होती कुणाकडे?
किएत म्हातारा भर बाजारात म्हणाला,
"बाई, चार दिवसांची मासळी देणं लागतेस तू."
मी हसले.
देणं खोटं नव्हतं.

म्हणून यंदा मी वाचत होते
तेव्हा गाव दात घासत होतं.
खिडकीतून दिसत होतं मला:
थोआ केस विंचरतेय,
किएत जाळ्याच्या गाठी सोडतोय, बांधत नाहीये.
कानावरून वारं जाणं म्हणतात ते हेच,
आणि खरं वारं अजून चारशे किलोमीटर लांब.

कागदात नाही ते बोलायचं नाही, असा नियम आहे.
आवाज चढवायचा नाही.
मी दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली,
तेवढ्यात लेक दारात आली, दोरीचं वेटोळं खांद्यावर.
"पुरणार नाही गं एवढी," मी म्हटलं,
"पिशव्यांत पाणी भर, पत्र्यावर चढव.
आजीचा फोटो काढून तांदळाच्या डब्यात ठेव.
नाही, आधी फोटो.
न्गान, मला भीती वाटतेय."

बटण दाबायचं राहिलं होतं.

एकोणीस खांबांवरून माझी भीती
लसणाच्या वाफ्यांवर, बंदरावर, शाळेच्या पटांगणात
स्वच्छ ऐकू गेली.
थोड्या वेळाने कुठेतरी
सिमेंटवर शिडी खरडली.
मग दुसरी.
मग मोजता येईनात.
दुपारपर्यंत प्रत्येक पत्र्यावर
पाण्याने टच्च भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या;
पाण्यापासून वाचायला
गावाने पाणीच डोक्यावर घेतलं होतं.
किएतने होडी वाळूवर ओढली,
डुकरीण माळ्यावर चढवली
आणि तिच्यापेक्षा जास्त तोच ओरडला.

वादळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.
रात्री आलं. अकरा तास राहिलं.
माझ्या खोलीचं छप्पर नेलं, सात कर्णे नेले,
त्यातला एक वाळूत तोंड खुपसून सापडला,
लाज वाटल्यासारखा.
माणसं मोजली. पुन्हा मोजली.
भरली.

आता तेरा नंबर निघालंय.
उरलेल्या बारा कर्ण्यांवरून मी तोच कागद वाचते,
तीच शक्यता.
वाचून होतं, आणि बाहेर कुणीच हलत नाही.
ब्रश तोंडात तसाच, फणी केसांत तशीच.
सगळे थांबलेत
त्या बारीकशा "टक्"च्या आधी
मी आणखी काय बोलते ते ऐकायला.

अंगठा बटणावर आहे.
न्गान दारात.
काय सांगू? या खेपेला मला खरंच माहीत नाही.
भीती वाटत नाही म्हणावं तर तेही खरं धरतील.
मी तोंड मिटते, नाकाने हवा ओढते,
बटण दाबते.

रस्त्यावरून किएत ओरडतो,
"अगं, हा श्वास घेतलास
तो कितव्या नंबरचा?"