रिकीब

हानुसच्या वेळी आईच्या कानातून पाखरं गेली,
रान्वाच्या वेळी किटलीची शिट्टी.
माझ्या वेळी काय गेलं
हे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

क्लाक्सविकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी
कागदावर काढून दाखवलं होतं:
ही हातोडी, ही ऐरण, आणि ही रिकीब,
तांदळाच्या कणीएवढी.
हिच्या बुडाशी नको ते हाड वाढतंय.
रिकीब हलायला हवी, ती रुतून बसलीय.
गरोदरपणात बळावतं कुणाकुणाचं, म्हणाले
आणि माझ्याकडे न बघता पेनाला टोपण लावलं.

आई हळू बोलायची.
पिंपात तोंड घालून बोलावं
तसा तिचाच आवाज तिच्या डोक्यात घुमायचा.
आम्ही ओरडायचो, ती कुजबुजायची.
शेजारणी म्हणत, किती सोशिक बाई.

पण मासळीच्या कारखान्यात,
जिथे कॉडची मुंडकी उडवणारं यंत्र दिवसभर किंचाळे
आणि बाकीच्या बायका खाणाखुणांवर पाळी काढत,
तिथे आईला ऐकू यायचं.
गोंगाट तिच्यापर्यंत पोचायचाच नाही
आणि माणसं मात्र आवाज चढवून बोलायची.

म्हणून काही सांगायचं असलं
की मी शाळेतून थेट तिथे जायची,
कुणाचे तरी रबरी बूट चढवून
पट्ट्याशेजारी उभी राहायची
आणि घसा फोडून गुपितं सांगायची.
पाळी आली ते. गणितात गेले ते.
त्रोंदुरच्या होडीत खरं काय झालं ते.
सुरीवर खवले, हात चालूच,
मान न वळवता आई म्हणे,
"पुढे?"

ऑपरेशन तिने दोनदा पुढे ढकललं.
मग कारखानाच बंद झाला.

आज मी तिच्या स्वयंपाकघरात
व्हॅक्युम क्लीनर सुरू करून जमिनीवर तसाच ठेवला,
धुण्याचं मशीन रिकामंच फिरवलं,
नळ सोडला,
आणि सांगितलं.
मार्चमध्ये, म्हटलं. सगळं ठीक आहे, म्हटलं.

तिने माझ्या पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही.
ओले हात एप्रनला पुसले
आणि माझे दोन्ही कान झाकून धरले,
वाऱ्यात लहान मुलांचे झाकतात तसे.

तिचे ओठ हलत होते.
मला काही ऐकू आलं नाही.