छाट

विडी घरकुलात दुपारी तीनला
ओट्यावर सावली सरकते, तेव्हा मी पुस्तक उघडते.
सातजणी, सात सुपं.
रात्रभर भिजून मऊ झालेली तेंदूची पानं.
कात्री चालते, जर्दा पडतो, बोटं वळतात
आणि मी वाचते, मराठीत,
अवघड आलं की तेलुगूत सांगते.

पुस्तक माझ्या वयाच्या मुलींसाठीचं, तिसरा भाग,
कॉलेजच्या लायब्ररीतून सात दिवसांच्या बोलीवर.
बुडालेल्या शहराची गोष्ट.
नायिका सतरा वर्षांची, तरुषी नाव,
कमरेला सगळे दरवाजे उघडणारी किल्ली
आणि मागे दोन मुलगे.
समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिलेला नाही.
कंबर तलावाएवढा का गं? नरसव्वा विचारते.
मोठा, मी म्हणते.
असेल, ती म्हणते.

पहिल्या पानापासून तिचा निवाडा चालूच आहे.
हसली, तर दात किती दाखवते.
गप्प बसली, तर गर्व बघा.
दोघांपैकी कोण, हे तिचं ठरेना
तेव्हा राजेश्वरीनं दोरा दातानं तोडला
आणि नुसतं "हं" म्हणाली.
त्या हं मध्ये अख्खी गल्ली बसली होती.

आणि तो निहार.
दुसऱ्या भागात त्यानं तीन माणसं मारली, एक पूल जाळला,
तिला न सांगता चार महिने गायब झाला.
"बिचारा," पद्मा वदिना म्हणाली, "आई नाही त्याला."
आई तरुषीलाही नाही.
मी पानं मागं उलटून दाखवलं.
"नसेल. पण पोरीनं समजून घ्यावं."

कॉलेजात तरी काय वेगळं.
तहसीन म्हणते, रडकी आहे.
सौम्या बिराजदार म्हणते, इतकं शूर कुणी असतं का, खोटी वाटते.
एकाच मुलीबद्दल, एकाच भज्यांच्या प्लेटवर.
मीही म्हटलं होतं, मला तिचं नाकच आवडत नाही.
पुस्तकात तिच्या नाकाबद्दल एक ओळ नाही.

नवव्या प्रकरणात तिचा भाऊ बुडतो.
ती रडत नाही.
जिना उतरताना पायऱ्या मोजते.
"दगड," नरसव्वा म्हणाली,
आणि पलीकडच्या यंत्रमागाची खटखट
एकदम जवळ आल्यासारखी झाली.

शुक्रवारी माल द्यायचा असतो. मी सोबत गेले, वही धरायला.
चेकर कट्टा उचलतो, दोन बोटांत दाबतो,
मान तिरपी करून बघतो.
ही सैल. ही आखूड. हिचं तोंड नीट नाही.
छाट.
पद्मा वदिनाच्या हजारातल्या दीडशे
त्यानं तिच्यासमोर मोडून टाकल्या.
मागं रांगेत बायका होत्या, आमच्याच.
कुणीतरी म्हणालं, हात बसला नाही अजून हिचा.
बावीस वर्षं झाली तिला.
तिनं सही केली.
परतताना रिक्षात रिकामी टोपली
मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली,
जणू तिच्यात काहीतरी सांडण्यासारखं होतं.

शनिवारी पाणी यायचा दिवस, घागरींची घाई,
सगळ्या उशिरा बसल्या.
ती म्हणाली, "ते नववं परत वाच."
वाचलं. भाऊ. पाणी. पायऱ्या, चौऱ्याऐंशी.
"तिथं तिला कोण बघत होतं?"

पुस्तकात नव्हतं.
मी मान वर केली नाही.
ओळीवर बोट ठेवून, त्याच सुरात वाचलं:
जिन्याच्या टोकाला चार शिपाई उभे होते.

कात्र्या चालू राहिल्या.
"मग बरोबर," पद्मा वदिना म्हणाली.

नरसव्वा बराच वेळ गप्प.
पान कापलं, भरलं, वळलं, तोंड मिटलं,
उजेडात धरून फिरवून बघितलं.
"असू दे," म्हणाली,
"पण केस कापायला नको होते पोरीनं."