भेटीचं कारण

चेकनाक्यावरच्या रजिस्टरला सहा रकाने:
नाव, गाव, गाडी नंबर, माणसं किती, आत जायची वेळ,
आणि कडेला उरलेल्या जागेत, भेटीचं कारण.
पहिल्यानं लिहिलंय धबधबा,
खाली पानभर नुसती दोन-दोन टिंबं.
मीही दोन दिली.

श्रावणातला रविवार, गौताळ्यात पाय ठेवायला जागा नाही.
राठोड गार्ड म्हणाला, "पोराच्या कानातलं मशीन काढून ठेवा ताई,
तुषार लई उडतेत."
मशीन रुमालात, रुमाल स्टीलच्या डब्यात,
डबा स्कूटीच्या डिकीत.
सुमेधनं मान हलवून बघितली,
घड्याळ काढल्यावर मनगट हलवतात तशी.

खाली कुंडाशी
पाणी एवढं बोलत होतं की बाकी सगळ्यांचं बोलणं बंद.
एक नवरा बायकोच्या कानाशी ओरडत होता, चप्पल, चप्पल,
ती म्हणत होती, काय?
कॉलेजची पोरं हातवारे करत होती,
कच्चे, पहिलीतल्या अक्षरांसारखे,
एकाचं एकाला कळत नव्हतं.

आणि आम्ही दोघं
ओल्या खडकावर निवांत गप्पा मारत होतो.
बोटांनी. नेहमीसारख्या.
भूक लागली का.
त्या माकडानं कुणाचे वेफर्स नेले बघ.
शाळेतला तो मुलगा अजून चिडवतो का.
हो. पण कमी.
आठ वर्षांत पहिल्यांदा
एवढ्या माणसांत आम्हालाच तेवढं ऐकू येत होतं.

एक म्हातारबा बराच वेळ बघत राहिले.
मग लांबूनच, मनगटावर बोट आपटून: किती वाजले?
सुमेधनं तीन बोटं दाखवली, मग एक अर्धं मुडपलेलं.

पुढे जात राहिलो.
कार्तिकात, धार करंगळीएवढी झाल्यावर.
पौषात, हुरड्याची पुरचुंडी घेऊन,
अंगात दोन-दोन स्वेटर.
सुमेधनं राठोडला शिकवलं माकड, चहा, बिबट्या, पाणी.
बिबट्या त्याला पहिल्याच दिवशी जमला.
पाणी काही जमेना.

मे महिन्यात नाक्यावर आम्हीच.
"आता कामून आले? धबधबा बंद हाय,"
दुकान असल्यासारखं म्हणाला.
मग सुमेधकडे वळून, सावकाश, दोन्ही हातांनी:
चहा नाही. भादव्यात या.
सुमेध एवढा हसला की उचकी लागली.
त्यानं राठोडचा अंगठा धरून आत दुमडला. असं. पाणी.

कुंडात सागाची पानं, गुडघ्याएवढी.
कड्यावर काळा पट्टा, वरपासून खालपर्यंत,
पाण्याची रोजची वाट.
मशीन आज कानातच होतं.
सुमेधनं एक पाऊल टाकलं, थांबला.
परत टाकलं.
मागे वळून विचारलं, याला काय म्हणायचं?

माझ्या बोटांत ते नव्हतं.
चुरचुर, करकर, ओठांनी म्हणून बघितलं,
त्याला ते ओठ वाटले नुसते.
मग त्यानंच एक केलं:
मूठ चुरली, हळू सोडली.

परतताना राठोड तेच करून बघत होता,
पुन्हा चुकत होता.
रजिस्टर उघडं,
आमच्या ओळीत पाच रकाने भरलेले.