कानामागचं हाड

आधी वाटलं, कुणी परसात नारळ सोलतंय.
मग वाटलं, शेजाऱ्यांच्या माडीवर गोट्या सांडल्या.
पण शेजाऱ्यांच्या घराला माडीच नाही,
आणि आवाज रोज सकाळी साडेसहाला,
न्हाणीतला तांबडा दिवा लागला की.

कट्. कट्-कट्. मग छातीत कफ धरल्यासारखी घरघर,
मग भाताच्या तपेल्यावर झाकण नाचावं तसं.
मी दाराबाहेर, टॉवेल खांद्यावर,
आत जायचं धाडस नाही.

ह्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.
एकवीस वर्षं खनिजाच्या बार्जवर, इंजिनाच्या खोलीत,
सारमानस ते मुरगाव, मुरगाव ते सारमानस.
कान तिथेच कुठेतरी मांडवीत पडले.
खाण बंद झाली, बार्ज भंगारात गेली,
कान काही पिळगावला परत आले नाहीत.

रोहिदास वायरमन आला. खालूनच बघितलं.
"पोरनो जालो गो वयनी, नवो घे,"
आणि साडेनऊ हजार असं म्हणाला
जसं कुणी साडेनऊ रुपये म्हणतं.
हे त्याच्या तोंडाकडे बघत होते.
हल्ली सगळ्यांच्या तोंडाकडेच बघतात.

तो गेल्यावर ह्यांनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला,
बार्जवरचा. स्टुलावर चढले.
टोक गिझरच्या पोटाला, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
किती वेळ तसेच.
इतकं मन लावून कुणाचं ऐकताना
मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"इंजीन बरं आहे," मोठ्याने म्हणाले,
ते सगळं मोठ्यानेच म्हणतात.
"चुना धरलाय. विहीर आटली की आपण बोअरचं भरतो,
ते पाणी जड. तापलं की अंगातला चुना सोडतं,
कॉइलवर पापुद्रा बसतो,
पापुद्र्याखाली थेंबभर पाणी कोंडतं,
त्याची वाफ होते, ती फोडून बाहेर येते.
तेच तुझे नारळ."

मेन स्विच खाली. थंड पाण्याचा कॉक बंद.
टाकी रात्रभर निवू दिली.
सकाळी पाणी आलं ते आधी धुरकट, मग पेजेसारखं,
मग खडे, बादलीच्या तळाशी टक् टक्.
आठ नट, आठही गंजलेले,
सातव्याला बार्जवरची एक शिवी.
कॉइल बाहेर आली
मानशीच्या खुंट्याला कालवं चिकटावीत तशी.
आत मॅग्नेशियमची एक कांडी होती म्हणे,
तिची नुसती तार उरली होती.
"गंज टाकीला लागायच्या आधी हिला लागतो.
त्यासाठीच असते," म्हणाले,
आणि डिचोलीत तीनशेला मिळेल असंही.

मग माझ्याकडे वळून, "व्हिनेगर आण."
एस्पेरांसाकडचं, माडाचं, दोन बाटल्या,
बांगड्याच्या लोणच्यासाठी जपून ठेवलेलं.
मी नाही म्हटलं.
त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं.

बादलीत कॉइल, वर माझं व्हिनेगर,
पांढरा फेस काठापर्यंत.
त्यांनी टोक कॉइलवर टेकवलं,
मूठ माझ्या कानामागे धरली.
"ऐक."
ओहोटीचं पाणी वाळूतून मागे सरताना
बारीक बारीक बुडबुडे फुटतात ना, तसं.
कानाने नाही, हाडानेच.
"आलं?"
मी मान हलवली. हललेली मान
त्यांच्या हाताला कळली असणार.

आता गिझर गप्प असतो.
पाणी तापलं की नाही ते कळत नाही,
दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं.
दोन दिवस न्हाणीला लोणच्याचा वास,
आंघोळ करून आलेल्या ह्यांनाही.
रोहिदास फेरीच्या धक्क्यावर भेटला,
नवा घेतला का विचारलं. घेतला म्हटलं.

स्क्रू-ड्रायव्हर अजून पेटीत परत गेलेला नाही.
काल फ्रिजला लावून बघितला, मग विहिरीवरच्या पंपाला.
पंप, म्हणाले, अजून पाच वर्षं जाईल.