हिरव्या दाराचा डबा

मडगावात, जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान.
डोळ्याला भिंग लावलेलंच असतं,
त्यातून ही सवय जडली म्हणा:
चावीच्या आगगाडीचे पत्र्याचे डबे, वीतभर लांब,
तारवट्यांनी लिस्बनहून, बैऱ्याहून आणलेले,
आणि पोरं परदेशी गेल्यावर
माळ्यावर राहून गेलेले.

सुलक्षा म्हणते, परत तोच डबा? घरात असे पाच आहेत.
तोच नव्हे गे.
ह्याचा हूक बघ, तारेचा, वाकवलेला.
त्याचा पत्र्यातूनच कापलेला.
ह्याचा तपकिरी फणसाच्या आठळीचा,
त्याचा ओल्या सुपारीचा.
आणि ह्या अक्षरांत
सी-खालची शेपटी छापायचीच राहिलीय.
ती चष्मा पुसते, बघते,
म्हणते, तोच.

माझी एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची.
प्रकार एक ते अठरा.
कारखान्याचं नाव नाही, साल नाही,
जे आहे ते डब्यांच्या अंगावरून वाचलेलं.

प्रकार अकरा: नमुना एकच. दार हिरवं.
बाकी सगळ्यांची तपकिरी.
कुडतरीला एका घराचं सामान विकलं जात होतं,
तिथे गोणीभर कपबश्यांसोबत मिळाला.
बारा वर्षं कापसात ठेवला.
पुण्याचे एक गृहस्थ वीस हजार म्हणाले,
त्यांना चहा पाजून परत पाठवलं.
निजताना वाटायचं,
त्या दिवशी कारखान्यात तपकिरी संपला असेल,
कुणी म्हणाला असेल, चालवा हिरवा.
त्या माणसाशी माझी ओळखच होती जणू.

गेल्या मे महिन्यात एर्मेलिंदाबाय आल्या,
सत्तरीच्या, कॅनडाहून, नवऱ्याचं बंद घड्याळ घेऊन.
कपाटाच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.
"हो म्हजो डबो."
नाताळासाठी खिडक्या रंगवल्या होत्या, म्हणाल्या,
तळाशी थोडा रंग उरला होता.
मी सात वर्षांची. कोंबडीच्या पिसाने रंगवलं.
पापांनी कानशिलात दिली.
दुसऱ्या दिवशी ते मुरगावहून जहाजावर गेले.
एवढं बोलून थांबल्या.
पुढचं मी विचारलं नाही.

भिंग लावलं.
रंगात अडकलेला पिसाचा तंतू, केसाहून बारीक.
तो मी पूर्वीच पाहिला होता.
वहीत लिहिलं होतं: छपाईदोष, दारावर रेघ.

डबा पुढे केला. त्यांनी काउंटरवर ढकलून पाहिला,
मागचं चाक अडलं.
"तेव्हाही अडायचं," म्हणाल्या, आणि तिथेच ठेवला.
घड्याळाचे पैसे मी घेत नव्हतो,
रागावल्या, मग घेतले.

रात्री प्रकार अकरा खोडायला पेन उचललं
आणि खाली लिहिलं:
खिडकीचा रंग, कोंबडीचं पीस,
वय सात. फटकारे डावीकडे जाड, म्हणजे हात उजवा.

आता उरलेल्या सतरांचा भरवसा वाटेना.
ती सी-खालची शेपटी
कुणी परीक्षेच्या आदल्या दिवशी नखाने खरवडली असेल?
तो तारेचा हूक कुणाच्या मामाने
चुलीपाशी बसून वाकवला असेल?

सुलक्षा मागून वाचत होती.
भिंग दे, म्हणाली,
आणि ते सगळे काढ बाहेर.