कूलर

पाचपावलीत मे महिन्यात कोणी कूलर बंद करत नाही.
त्या रात्री आम्ही केला.
निलांबरी शूटिंगवर हेच सांगते म्हणे सगळ्यांना,
पंखे बंद, फ्रिज बंद, बांगड्या काढा.

धकात्यांचं अख्खं घर टीव्हीपुढे निथळत बसलेलं.
उत्कृष्ट ध्वनिमुद्रण.
नाव घेतलं, आडनाव चुकवलं,
अन् ती पायरी चढते ना चढते तोच
बनियनची जाहिरात.

"संपलं काहून?" सासूबाई म्हणाल्या.

मी उठले नाही बटण दाबायला.
माग विकून वीस वर्षं झाली.
त्याच्यावर धागा तुटला की माझ्याआधी
हीच मान वळवायची,
झोळीतून.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
तेव्हा ऐकू आलं:
भिंतीपलीकडे
बारापात्र्यांचाही कूलर बंद होता.